पुनर्बांधणीनंतर जुन्या पिकअपचे इंजिन पहिल्यांदा सुरू करताना

खान्देशात एके काळी केळीचे घड, सरकीची पोती आणि लग्नाचे वऱ्हाड हे सारे एकाच गाडीतून जात असे, आणि ती गाडी बहुधा जीपच्या वंशातला पिकअप असे. रावेर, यावल, चोपडा, पारोळा या पट्ट्यात असे पिकअप अजूनही गोठ्याच्या आडोशाला किंवा शेतातल्या निंबाखाली उभे दिसतात. अलीकडे काही जण ते बाहेर काढून, चेसिसपासून रंगापर्यंत सगळे नव्याने करून पुन्हा रस्त्यावर आणत आहेत, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते. या सगळ्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत नाजूक टप्पा म्हणजे बोअर, क्रँक आणि हेडचे काम होऊन आलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करणे. हा लेख त्या एकाच टप्प्याविषयी आहे.

येथे दिलेली मापे विलीजच्या ‘हरिकेन’ या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची आहेत. हे इंजिन विलीजने १९५० मध्ये आणले आणि पुढे महिंद्राच्या जीपगाड्यांत ते वर्षानुवर्षे चालले. त्याची क्षमता २१९९ सीसी असून इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. आपल्या गाडीत दुसरे इंजिन असेल तर आकडे तिच्या मॅन्युअलमधून घ्यावेत. कामाचा क्रम मात्र बदलत नाही.

माझ्या पहिल्या पिकअपचे इंजिन मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सुरू केले. मुहूर्त ठरलेला होता, पाहुणे आलेले होते आणि घरात पुरणाचा स्वयंपाक झालेला होता. आमच्या वयोवृद्ध मिस्त्रींनी बॉनेटजवळ येऊन एकच प्रश्न विचारला होता, “भाऊ, तेल चढनं का?” म्हणजे तेल सगळ्या बेअरिंगपर्यंत पोहोचले का. मी मान हलवली आणि सेल्फ मारला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले, पण ऑइल प्रेशरची सुई शून्यावरून हलली नाही. गेजच्या नळीत हवा असेल असे समजून मी जवळजवळ मिनिटभर ते चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या तळाचे ऑइल चेंबर उतरवले तेव्हा तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कोऱ्या बेअरिंगवर नखाला लागतील एवढे चरे पडलेले होते. इंजिन बांधून पाच महिने उभे होते, जोडताना लावलेले तेल निथळून गेले होते आणि पंप पूर्ण कोरडा होता. तेव्हापासून मी मुहूर्तावर पूजा करतो, नारळही फोडतो, परंतु तेल चढल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चावी फिरवत नाही.

जागा, वेळ आणि माणसे

गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी उभी करावी, चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावावेत आणि गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची हाताने खात्री करावी. बंद शेडमध्ये हे काम कधीही करू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो चढल्याचे माणसाच्या लक्षातही येत नाही. कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे बॉनेटपासून हातभर अंतरावर, पिन काढण्याची पद्धत माहीत असलेल्या माणसाजवळ असावे.

चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४३ ते ४५ अंशांवर जातो. नव्या इंजिनात घर्षण जास्त असते, त्यामुळे ते मुळातच अधिक तापते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकावे. गाडी उभी असताना रेडिएटरला वाऱ्याचा झोत मिळत नाही. त्यासाठी घरातल्या मोठ्या कूलरचा पंखा रेडिएटरसमोर, हातभर अंतरावर लावून ठेवावा, इतका साधा उपाय पुरतो.

माणसे तीन पुरेत: एक सीटवर, एक बॉनेटशी आणि एक आग विझवण्याच्या तयारीत. “बंद” हा शब्द कोणीही उच्चारला तरी सीटवरच्या माणसाने कारण न विचारता चावी बंद करावी, असे आधीच ठरवून घ्यावे.

आधी हाताने फिरवणे

चारही प्लग काढावेत आणि क्रँक हँडलने किंवा पुलीच्या नटावर पाना लावून इंजिनाचे पूर्ण चार फेरे हळूहळू फिरवावेत. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा. मुठीत गुंडाळलेला अंगठा इंजिनाने उलटा झटका दिला तर मोडतो, आणि ही सवय प्लग काढलेले असतानाही सोडू नये. नव्या रिंगांमुळे फिरण्यात एकसारखा जडपणा जाणवेल, तो स्वाभाविक आहे. मात्र एका ठरावीक जागी अडकल्यासारखे वाटले किंवा धातूला धातू लागल्याचा आवाज आला, तर तेथेच थांबून कारण शोधावे. सेल्फच्या जोराने ती अडचण ‘मोकळी’ करणे म्हणजे नवे इंजिन मोडणे होय.

याच वेळी टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट, पुन्हा एकदा तपासावे. थंड इंजिनावर इनलेटला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच अंतर असावे. एक्झॉस्टचे अंतर कमी राहिले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि त्याची कड जळू लागते.

तेल चढवणे

या इंजिनात तेलाचा पंप कॅमशाफ्टवरच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच्या) दात्यांनी फिरतो आणि प्लगना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर त्या पंपाच्या शाफ्टवरून चालतो. त्यामुळे काही अमेरिकन व्ही-८ इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून वरून ड्रिल मशीनने पंप फिरवता येतो, तसा येथे फिरवता येत नाही. तेल बाहेरून दाबाने भरणे आणि मग सेल्फवर फिरवून पाहणे, हा येथे खात्रीचा मार्ग आहे.

पंप बसवण्याआधी त्याच्या पोकळीत पेट्रोलियम जेली भरावी. ती पंपाला पहिली ओढ मिळवून देते आणि गरम तेलात विरघळून जाते. ग्रीस मात्र विरघळत नाही, म्हणून ते वापरू नये. पंप आधीच बसलेला असेल तर पुढची पद्धत अधिकच महत्त्वाची ठरते.

कापूस-केळीच्या मुलखात फवारणीच्या पंपाची ओळख कोणाला करून द्यायला नको. पाच लिटरचा, हाताने हवा भरायचा नवा कोरा पंप घ्यावा. शेतात वापरलेला, कितीही धुतलेला पंप घेऊ नये, कारण औषधाचे क्षार आणि पाणी थेट बेअरिंगवर जातात. त्याची तोटी काढून तेल सहन करणारी नळी बसवावी आणि ती ब्लॉकवर ऑइल प्रेशर गेजची जोडणी असते त्या भोकाला योग्य आट्याच्या निपलने जोडावी. फिल्टरसह या इंजिनात सुमारे ४.७ लिटर तेल मावते. त्यातले तीन लिटर नेहमीप्रमाणे वरून भरावे आणि उरलेले फवारणीच्या पंपात घालावे, म्हणजे पातळी जास्त होत नाही. पंप तासभर उन्हात ठेवला की तेल पातळ होते आणि सहज चढते.

आता रॉकर कव्हर, म्हणजे हेडवरचे झाकण, काढून ठेवावे; त्याखाली इनलेट व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर असतात. एकाने हवा भरत राहावे आणि दुसऱ्याने इंजिन हाताने सावकाश फिरवावे, कारण क्रँकमधली तेलाची भोके ठरावीक जागी आल्यावरच काही वाटा उघडतात. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग आतून बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो, रॉकर शाफ्टच्या कडेला मधाच्या रंगाचा एक थेंब फुगतो, रॉकरच्या अंगावरून ओघळतो आणि त्याच्या मागे दुसरा येतो. चारही रॉकरांवर असे तेल दिसेपर्यंत हात थांबवू नये. हा थेंब पाहण्यासाठी लागणारा अर्धा तास संपूर्ण पुनर्बांधणीतला सर्वांत मोलाचा वेळ आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर गेज पुन्हा जोडावे, कॉइलची वायर काढून ठेवावी आणि प्लग काढलेल्या स्थितीतच सेल्फ मारावा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये किमान मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फची मोटर जळते. सुई शून्यावरून उठून काही पौंडांवर स्थिरावली की पंप स्वतः तेल ओढतो आहे हे सिद्ध झाले. दोन-तीन प्रयत्नांनंतरही ती उठली नाही तर पुढे जाऊ नये. पंपाचे झाकण, त्याचे गॅस्केट आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग तपासावी.

कोणते तेल वापरावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. या इंजिनातील टॅपेटचे तळ कॅमवर थेट घासतात, आणि त्या जागी झिंकयुक्त घटकच संरक्षण देतो. आजच्या पेट्रोल मोटारींच्या तेलांत हा घटक सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाच्या काळजीपोटी कमी केलेला असतो. म्हणून जास्त झिंक असलेले २०डब्ल्यू-५० मिनरल तेल घ्यावे आणि कॅमवर जोडणीच्या वेळीच कॅमसाठीची खास पेस्ट लावावी. सिंथेटिक तेल या टप्प्यावर नको, कारण रिंगा बसायला थोडे घर्षण लागतेच.

पाणी

तापीकाठच्या अनेक बोअरवेलचे पाणी इतके जड असते की चहाच्या भांड्यालाही पांढरा थर चढतो. तेच पाणी रेडिएटरमध्ये जाऊ देऊ नये. पहिल्या सुरुवातीला केवळ डिस्टिल्ड वॉटर भरावे, म्हणजे कोठे गळती निघाली तर महागडे कूलंट वाया जात नाही. गळती नाही याची खात्री झाल्यावर ते काढून कूलंटचे मिश्रण भरावे. पाणी भरून रात्रभर ठेवावे आणि सकाळी ब्लॉकच्या टिकल्या (पाण्याच्या वाटांची भोके बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या), वॉटर पंप व होजच्या खाली कोरडा कागद फिरवून पाहावा. आपल्याकडे उन्हाच्या भीतीने थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सर्वत्र सारखे तापत नाही आणि नव्या गॅस्केटला ते बाधते.

पेट्रोल

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा जुना पडदा इथेनॉलमध्ये फुगतो, मऊ होतो आणि फाटतो. हा पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइल चेंबरमध्ये उतरू शकते, तेल पातळ होते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. म्हणून सर्व नळ्या आणि पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा घालावा, आणि सुरू करण्याआधी डिपस्टिकचा वास घेण्याची सवय लावावी. पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळून नेऊ नये. आपल्या उन्हात तिच्यातच वाफ धरते आणि गाडी रस्त्यात बंद पडते.

पहिल्या दिवशी पेट्रोल टाकीतून घेण्याऐवजी स्वच्छ कॅनमधून, मध्ये पारदर्शक फिल्टर लावून, पंपाला द्यावे. कार्ब्युरेटरचे भांडे रिकामे असते. ते भरण्यासाठी व्हेंटमधून सिरिंजने थोडे पेट्रोल घालावे आणि झाकण बंद करावे. सेल्फ चालू असताना बाटलीने कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती कृपया करू नका. एक बॅकफायर झाला की ज्वाला बाटलीपर्यंत येते आणि हाताचे कातडे जाते.

वीज आणि टायमिंग

बॅटरी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, आणि कॉइल, बल्ब व गेज त्याच व्होल्टचे आहेत का, हे प्रथम पाहावे. नव्याने रंगवलेल्या गाडीत सर्वांत जास्त आढळणारा दोष अर्थिंगचा असतो, कारण रंग वीज जाऊ देत नाही. इंजिनापासून चेसिसला आणि चेसिसपासून बॅटरीला जाणाऱ्या पट्ट्यांच्या खालचा रंग रुपयाएवढ्या जागेत खरवडून धातू उघडा करावा, पट्टी कसावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. जुना डायनॅमो असेल तर बॅटरी जोडल्यावर त्याची ध्रुवता एकदा बसवून घ्यावी लागते. रेग्युलेटरच्या प्रकारानुसार तिची पद्धत वेगळी असल्याने हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून समोर उभे राहून करून घ्यावे.

प्लगचे अंतर ०.०३० इंच ठेवावे. मूळ ऑटोलाइट डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचे (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्कांचे) अंतर ०.०२० इंच असते, तर लुकास डिस्ट्रिब्युटरसाठी ते सुमारे ०.०१५ इंच ठेवतात. कोणता बसवला आहे ते वाचून मगच फीलर गेज हातात घ्यावा.

टायमिंगमध्ये सर्वांत जास्त फसगत होते ती पहिल्या सिलिंडरच्या जागेची. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, पण ठिणगी कॉम्प्रेशनच्याच वेळी हवी असते. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हाताने फिरवावे. हवा अंगठा ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा. रॉकर कव्हर उघडे असेल तर पहिल्या सिलिंडरचा इनलेट उघडून बंद होताना दिसतो, आणि त्यानंतर पिस्टन वर येतो तीच आपली जागा. वरच्या बिंदूच्या ५ अंश आधीच्या खुणेवर फिरवणे थांबवावे, पॉइंटच्या वायरला आणि अर्थला चाचणीचा दिवा लावावा, चावी चालू करावी आणि डिस्ट्रिब्युटरचे अंग फिरवून दिवा नुकताच पेटतो त्या जागी कसावे. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे आणि रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वायरी या दिशेने लावल्या नाहीत तर इंजिन फक्त खोकत राहते आणि माणूस कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

सुरू करणे

सर्व जोडून झाल्यावर चोक अर्धा ओढावा. उन्हाळ्यात त्याची गरज क्वचितच पडते. पौषातल्या धुळ्याच्या सकाळी मात्र पूर्ण ओढावा लागतो. सीटवरच्या माणसाची नजर फक्त ऑइल प्रेशरवर असावी, बाहेर कोण काय म्हणते आहे याकडे नव्हे.

इंजिन पेटताच रेस हळूहळू वाढवून १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान न्यावी. पाच-सात सेकंदांत सुई वर आली नाही तर तत्काळ बंद करावे. नव्या बेअरिंगच्या थंड इंजिनात या वेगाला ३० ते ४० पौंड दाब मिळायला हवा. गरम इंजिनाला स्लोवर, म्हणजे रेस न देता, ६ पौंडही चालतात असे या इंजिनाचे जुने मॅन्युअल सांगते, परंतु नुकत्याच बांधलेल्या इंजिनात स्लोवर १५ पौंडांपेक्षा कमी दाब मला पटत नाही.

कॅम किंवा टॅपेट नवे असतील तर पहिली वीस मिनिटे इंजिन स्लोवर सोडू नये. कॅमवर पडणारे तेल मुख्यतः फिरत्या क्रँकने उडवल्यामुळे पडते, आणि कमी वेगाला ते पुरेसे उडत नाही. १५०० ते २००० च्या दरम्यान वेग थोडा कमी-जास्त करत राहावे. मध्ये बंद करावे लागले तर हरकत नाही. बंद करण्याचे कारण दूर करून उरलेला वेळ पुन्हा पूर्ण करावा.

या वेळी मॅनिफोल्डवरचा रंग जळून वास येईल, सायलेन्सरमधून जोडणीच्या तेलाचा निळसर धूरही निघेल, आणि दोन्ही काही मिनिटांत कमी होतील. पांढरा दाट धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट संशयित आहे. तापमान ९५ अंशांना पोहोचले तर इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि त्यावर गार पाणीही ओतू नये. खोल, जड ‘ठक-ठक’ ऐकू आली तर तो बेअरिंगचा आवाज समजून त्याच क्षणी थांबावे. हलकी ‘टिक-टिक’ बहुधा टॅपेटची असते आणि ती नंतर जुळवता येते.

पहिल्यांदा बंद केल्यानंतर

तेल गरम असतानाच, त्याच दिवशी, काढून टाकावे आणि फिल्टर बदलावा. काढलेले तेल पांढऱ्या परातीत उन्हात धरून पाहावे आणि त्यात चुंबक फिरवावा. राखाडी भुकटीचा पातळ लेप चुंबकाला लागणे हे रिंगा आणि बोअर बसत असल्याचे लक्षण आहे. बोटांना टोचणारे लोखंडाचे कण किंवा चुंबकाला न चिकटणारी चमकदार चकचक दिसली तर चेंबर उतरवावे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, हेडचे बोल्ट क्रमाने ६० ते ७० फूट-पौंडांवर पुन्हा कसावेत. या इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, हवेच्या वाटेत लपलेला असतो. कार्ब्युरेटर उतरवल्याशिवाय तो दिसत नाही, आणि तोच बहुतेकांचा राहून जातो. त्यानंतर टॅपेट आणि पॉइंटचे अंतर पुन्हा मोजावे, मग चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन घ्यावे. त्यांच्यातला फरक १० पौंडांच्या आत असावा.

रस्त्यावर नेल्यावर गाडी एकाच वेगाने चालवत राहू नये. पाचोऱ्याकडच्या किंवा एरंडोलकडच्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ५० किलोमीटर वेगापर्यंत जोर द्यावा आणि मग पाय काढून गाडी आपोआप मंदावू द्यावी. असे दहा-बारा वेळा केले की रिंगांना बोअरवर बसायला दाब मिळतो. पाचशे किलोमीटर होईपर्यंत मागे माल भरू नये आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढवू नये. पाचशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर पुन्हा बदलावा, आणि त्या वेळी कार्ब्युरेटरखालच्या बोल्टावर टॉर्कचा पाना आणखी एकदा लावून पाहावा.